विसी मावशी काय म्हणाली

शुक्रवारी सकाळी औरेलिया चहाचा कप घेऊन आईच्या खोलीत गेली, तेव्हा आई कोट घालून पलंगाच्या कडेला बसली होती. जून महिना, खिडकीबाहेर दमट उकाडा, आणि आईने तो जाड तपकिरी लोकरी कोट गळ्यापर्यंत बटणं लावून घातलेला. केस ओले करून मागे विंचरले होते. ओठांना लाली लावली होती, ती एका बाजूला जरा बाहेर गेली होती. पायांत मात्र घरातल्याच सपाता. मांडीवर पर्स घट्ट धरून ती दाराकडे बघत होती.

"उशीर केलास," आई म्हणाली. "चल लवकर. दार बंद करतायत."

"कुठलं दार, आई?"

"कुठलं म्हणजे? किती दारं आहेत आपल्याला?"

बाहेरच्या खोलीत टीव्हीवर कुणीतरी आकडे सांगत होतं. ब्रिटनने युरोपच्या संघातून बाहेर पडायचं ठरवलं होतं. स्पेनच्या टोकाला असलेल्या, पण ब्रिटनच्या ताब्यातल्या जिब्राल्टरच्या खडकावर शंभरातल्या शहाण्णवांनी राहायचं म्हणून मत दिलं होतं, औरेलियानेही दिलं होतं. पण खडकावरची सगळी मतं गोळा केली तरी ती लंडनच्या एका उपनगरात हरवून गेली असती. आईच्या आठवणी गेली दोन वर्षं विरत चालल्या होत्या. सकाळचं संध्याकाळी तिला सांगता येत नसे. तिच्या कानांवर आकडे पडले असतील, सीमा हा शब्द पडला असेल, आणि आत कुठेतरी फार जुनं काहीतरी उठून कपडे करायला लागलं असेल. औरेलियाने कप टेबलावर ठेवला आणि कोटाचं वरचं बटण काढायला हात पुढे केला. आईने तो हात झटकला. त्या झटक्यात इतका जोर होता की चहा सांडला, आणि औरेलियाला एकदम आपण दहा वर्षांच्या असल्यासारखं वाटलं. उघड्या गुडघ्यांना वारा लागत असल्यासारखं. असं तिचं अलीकडे होत नसे. ती पंचावन्न वर्षांची होती, एकटी राहण्याची सवय झालेली बाई होती, आणि आपल्या मनाला कुठे जायचं आणि कुठे नाही हे तिने नीट शिकवून ठेवलं होतं.

खडकाच्या डोक्यावर ढग बसला होता. पूर्वेचं वारं, लेवांते, सुटलं की तो असा येऊन बसतो आणि दिवसचे दिवस हलत नाही. खाली गल्ल्यांत दोऱ्यांवरचे कपडे वाळत नाहीत, माणसं हळू बोलतात, आणि दोन पावलांवर स्वच्छ ऊन पडलेलं दिसत असूनही आपण कुणाच्या तरी झोपेच्या आत वावरतोय असं वाटत राहतं. दार बंद झालं तेही जूनमध्येच. औरेलिया आठ वर्षांची होती. माद्रिदहून हुकूम आला आणि स्पेनने सीमेवरचं आपलं हिरवं फाटक लावून घेतलं. आदल्या दिवशीपर्यंत सगळे म्हणत होते, छे, असं कुठे असतं. आई पलीकडच्या ला लीनेआ गावची. लग्न होऊन रिस्सोच्या घरात, गोदीतल्या कामगाराच्या घरात, अलीकडे आलेली. पलीकडे तिची आई होती, थोरली बहीण विसी होती, चालत दहा मिनिटांवर. कुणाकडे अंडी नसली तर एकीने दुसरीकडे जाऊन आणावीत इतकं जवळ. मग टेलिफोनही तुटले. पत्रं लांबून लांबून फिरून येत. भेटायचंच म्हटलं तर बोटीने आफ्रिकेत टँजियरला जायचं, तिथून दुसऱ्या बोटीने स्पेनमध्ये उतरायचं. म्हणून रविवारी लोक कुंपणाशी जमायचे. अलीकडे एक कुंपण, पलीकडे एक, मधे ओसाड पट्टा. पलीकडची माणसं अंगठ्याएवढी दिसत. बायका नवी बाळं उंच धरून दाखवायच्या. आणि सगळे एकदम ओरडायचे, त्यामुळे कुणाचंच कुणाला नीट कळत नसे. त्यात वारं पूर्वेचं असो की पश्चिमेचं, ते शब्द आडवेच घेऊन जाई, कधी आखातात, कधी भूमध्य समुद्रात.

आईचा आवाज मूळचा बसका. म्हणून ओरडायचं काम औरेलियाकडे होतं. आणि ऐकायचंही.

आठ वाजता मानोली आली. ती रोज सीमा ओलांडून पायी येई, दिवसभर आईजवळ थांबे, संध्याकाळी पायी परत जाई. तिने पिशवी खाली टाकली आणि खुर्चीत बसकण मारली.

"काय सांगू बाई, आख्खी रांग गप्प! एरवी सकाळी सकाळी एकमेकींच्या सासवा काढतात, आज सगळ्या मयताला आल्यासारख्या. तो कोपऱ्यावरचा पोलीस नाही का, तोसुद्धा मला म्हणतो, मानोली, सांभाळून जा. अरे, सांभाळून जा म्हणजे काय? मी काय लढाईवर चाललेय?"

"काही होणार नाही," औरेलिया म्हणाली. "दोन वर्षं तर नुसती बोलणी चालतील."

"असं कोण म्हणालं?"

"टीव्हीवर."

"टीव्हीवर काल म्हणत होते, राहणार म्हणून." मानोलीने कपाळावरचा घाम पुसला. "दार बंद केलं तर मी यायचं कसं? पोहून? मला तर टबातसुद्धा भीती वाटते. आणि ही का अशी नटून बसलीय?"

"आज रविवार आहे," आई दारातून म्हणाली. "विसी येऊन उभी असेल."

मानोलीने औरेलियाकडे पाहिलं. "विसी कोण?"

"मावशी माझी," औरेलिया म्हणाली, आणि किल्ल्या शोधायला लागली. त्या तिच्या हातातच होत्या.

ती हॉस्पिटलमध्ये कान तपासण्याचं काम करी. माणसाला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, कानांवर यंत्र चढवायचं, आवाज कमी कमी करत न्यायचा आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं. तीस वर्षं ती हेच करत होती. त्या दिवशी पहिला आला तो एक म्हातारा खलाशी. त्याने खोलीत शिरतानाच डोळे मिचकावले. "पोरी, लंडनवाले काय म्हणाले ते मला काही ऐकू आलं नाही. तू म्हणशील तर यंत्र नकोच लावू." ती हसली. त्याला आत बसवून तिने दार लावलं आणि काचेपलीकडून त्याच्याकडे पाहत राहिली. तो डोळे मिटून, मान किंचित वाकडी करून ऐकत होता. ऐकणारी सगळी माणसं अशीच दिसतात. आवाज अगदी बारीक झाल्यावर तो उगीचच बटण दाबायला लागला. पुष्कळ जण तसं करतात. त्यांना ऐकू आलेलं नसतं, पण आलंय असं त्यांना वाटायला हवं असतं. तिचं उलटं होतं. तिचे कान उत्तम होते, तिने स्वतःच कितीदा तपासले होते. ती दहा वर्षांची असताना, फेब्रुवारीतल्या त्या रविवारीसुद्धा ते उत्तमच होते.

त्या रविवारी आई घरातून निघतानाच खुशीत होती. पलीकडे आजी महिनाभर अंथरुणाला खिळली होती, तिच्यासाठी आईने निळी शाल विणली होती, आणि टँजियरमार्गे जाणाऱ्या कुणाबरोबर तरी ती पाठवायच्या आधी बहिणीला लांबून दाखवायची म्हणून सोबत घेतली होती. विसी मावशी पलीकडच्या कुंपणाशी एकटी उभी होती. तिने दोन्ही हातांचा कर्णा केला आणि ओरडली. मग पुन्हा ओरडली. दोन्ही वेळा औरेलियाने शब्द न् शब्द ऐकला. आई गेली. पहाटे. आई गेली. शेजारी कुणीतरी आपल्या भावाला मोटारसायकल विकलीस का म्हणून विचारत होतं. आईने खाली वाकून तिच्या तोंडाशी कान आणला. आईच्या कानातला मोत्याचा डूल, तिच्या पावडरचा वास, आणि ओठांवर आधीच येऊन बसलेलं हसू. "काय म्हणतेय?"

"आजीला बरं वाटतंय म्हणते," औरेलिया म्हणाली. "सूप प्यायली म्हणते."

का, ते तिला आजही सांगता आलं नसतं. त्या चेहऱ्यावरून ते हसू आपल्या हाताने काढून घ्यायचं तिच्या जिवावर आलं, एवढंच. एक आठवडा, पुढचा रविवार, तेवढ्यात कुणीतरी मोठं माणूस सांगेल असं तिला वाटलं असावं. आई मोठ्यांदा हसली. तिने शाल दोन्ही हातांनी डोक्यावर धरली आणि जत्रेत निशाण नाचवावं तशी नाचवली. पलीकडे मावशीचे हात हळूहळू खाली आले. ती तशीच थोडा वेळ उभी राहिली. मग वळली. पाठमोरी जाताना तिचा कोट लहान लहान होत गेला, आणि आई शाल हलवतच राहिली.

पुढच्या रविवारी मावशी आली नाही. त्यानंतरही कधी नाही. दहा-बारा दिवसांनी पलीकडच्या पाद्र्यांचं पत्र आलं, त्यात तारीख नव्हती, शांतपणे गेली एवढंच होतं. आईने मानलं की त्या रविवारनंतर कधीतरी गेली असेल. बरं वाटून मग गेली. दार बंद झाल्यावर तेरा वर्षांनी, डिसेंबरात, पायी जाणाऱ्यांसाठी फाटक उघडलं तेव्हा आई बदामाचा केक घेऊन पहिल्याच सकाळी बहिणीच्या दारात जाऊन उभी राहिली. औरेलिया तेव्हा एकवीस वर्षांची, मागे केकचा डबा धरून. मावशीने दार उघडलं, आईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आता काय हसायला आलीस?" म्हणाली, आणि दार लावून घेतलं. परत येताना आई एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होती. कशाला हसले मी? मी कुठे हसले? खडकावर राहिले याचाच राग आहे तिला. आणि औरेलिया डबा छातीशी धरून चालत राहिली. तेव्हा सांगता आलं असतं. त्यानंतर तर रोजच सांगता आलं असतं. बोलायचं राहून गेलेलं माणूस चिडलेलं नसतं की रडत नसतं. जेवतं, कामाला जातं, लोकांचे कान तपासतं.

खलाशाने काचेवर टकटक केलं. आवाज केव्हाच थांबला होता.

"झालं का, पोरी? का मी मेलोय?"

त्या दिवशी दुपारी ती घरी न जाता सरळ उत्तरेकडे चालत सुटली. सीमेकडे जाणारा रस्ता विमानतळाची धावपट्टी मधोमध ओलांडून जातो. भोंगा झाला, आडवा दांडा खाली आला, आणि माणसं सायकली धरून थांबली. कुणाला काही ठाऊक नव्हतं आणि सगळे बोलत होते. एक बाई म्हणत होती, रांगा लागतील तासन् तास. एक जण म्हणत होता, स्पेनला आपण हवेत, त्यांची दहा हजार माणसं इथे कामाला येतात, ते कशाला बंद करतील. दुसरा म्हणाला, तेव्हाही येतच होती. विमान ढगाच्या सावलीतून उन्हात गेलं, पांढरं झालं आणि दिसेनासं झालं. औरेलियाच्या मनात आलं, दार खरंच बंद झालं तर मी सुटले. दांडा वर गेला आणि ती भराभर चालायला लागली.

ला लीनेआत बाजारामागची ती गल्ली तिला पाठ होती. दार आता हिरवं रंगवलं होतं. उघडलं ते मावशीनेच. शहाऐंशी वर्षांची, वाकलेली, पण डोळे तसेच. औरेलिया दचकली, कारण ती थेट आजीसारखी दिसत होती.

"तू रिस्सोची पोरगी."

"हो, मावशी."

"मेली का ती?"

"नाही. आहे."

"मग आत ये. दारात उभी राहू नकोस. समोरची बया पडद्याआड कान लावून बसलीय."

टेबलावर घेवड्याच्या शेंगांचा ढीग होता. मावशी बसली आणि पुन्हा सोलायला लागली. औरेलियाने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं फार वेळ लागेल. चार वाक्यांत संपलं. मावशीचे हात शेंगांवर थांबले. बाहेर कुणीतरी मोटार मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी, येऊ दे, येऊ दे, म्हणत होतं.

"सूप," मावशी म्हणाली.

"हो."

"तिला घोटभर पाणीही जात नव्हतं शेवटी." तिने एक शेंग उचलली, न सोलताच परत ठेवली. "पंचेचाळीस वर्षं मी ती शाल हलताना बघतेय. झोपायला जावं तर शाल. चर्चमध्ये गुडघे टेकावेत तर शाल. आपली सख्खी बहीण, आई गेल्याचं सांगितलं तर नाचली. लोकांनी विचारलं, तुझी बहीण काय म्हणाली गं? मी काय सांगू? मी सांगितलं, वाऱ्यात ऐकू नाही आलं."

"मी लहान होते, मावशी."

"होतीस ना. मग मोठी झालीस. तो डबा घेऊन मागे उभी होतीस तेव्हा चांगली घोडी होतीस. तेव्हा काय झालं होतं जिभेला?"

"भीती वाटली."

"माझी?"

"आईची. तिला कळलं असतं की तेव्हा... ती हसत होती आणि तू बघत होतीस."

मावशीने एक शेंग मोडली, दाणे भांड्यात पडू दिले. "तू मला हे आता कशाला सांगतेस? माझं सगळं लावून झालं होतं. कुणावर रागवायचं, कुणासाठी मेणबत्ती लावायची, सगळं. आता या वयात परत उचकून मांडू होय?"

"आई कोट घालून बसलीय सकाळपासून. तिला वाटतंय दार बंद होतंय. तुला भेटायचं म्हणतेय."

"होणार आहे का बंद?"

"माहीत नाही."

"कुणालाच माहीत नसतं," मावशी म्हणाली. "मी काही तुमच्याकडे पाऊल टाकणार नाही. शपथ घेतलीय. रविवारी आमच्याकडेही मतदान आहे, मत द्यायला मी बाहेर पडणारच. बारा वाजता फाटकाजवळच्या बाकावर जरा टेकेन. टेकेनच असं नाही." ती उठली आणि भांडं ओट्यावर ठेवायला गेली. पाठमोरीच म्हणाली, "जाताना दार हळू लाव."

शनिवार तसाच ढगाखाली गेला. शनिवारी आईला काहीच आठवत नव्हतं. तिने मानोलीला दोनदा विचारलं, तू कुणाची, आणि मानोली दोन्ही वेळा म्हणाली, तुझीच गं. औरेलिया रविवारी न्यायचं की नाही याचा विचार करत राहिली. नेलं आणि मावशी आलीच नाही तर? आली आणि बोलली तर? पुन्हा पुन्हा तिला एकच जागा आठवे, आपल्या तोंडाशी वाकलेला तो चेहरा, आणि तिच्या लक्षात आलं की आईचा तेवढा आनंदी चेहरा तिने त्यानंतर पाहिलेला नाही. तिनेच तो दहा-बारा दिवस टिकवला होता. त्याची किंमत दुसरंच कुणी देत होतं.

रविवारी तिने आईला हलका सुती झगा घातला, चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि धावपट्टी ओलांडून नेलं. फाटकावरच्या पोलिसाने आईचं ओळखपत्र हातात घेऊन परत केलं, नीट पाहिलंही नाही. माणसं नेहमीसारखी येत-जात होती, पिशव्या, मुलं, भाजलेल्या कोंबडीचा वास. आई सगळीकडे टकमक बघत होती. बाकावर विसी मावशी बसली होती. मतदानासाठी काढलेला गडद निळा पोशाख, पायांशी पिशवी, हात मांडीवर. खुर्ची समोर येऊन थांबली तरी ती उठली नाही. तिला उठता येत नव्हतं की उठायचं नव्हतं, कळेना.

आई तिच्याकडे पाहत राहिली. तिच्या कपाळावर आठी पडली, मग हळूहळू विरली.

"आई?" ती म्हणाली.

मावशीने मागे वळून पाहिलं.

"आई, बरी झालीस तू!" आईने दोन्ही हात पुढे करून तिचे हात धरले. "पोरगी म्हणाली होती मला. मी किती हसले बाई त्या दिवशी. सगळे बघत होते, म्हणत असतील वेड लागलं हिला."

मावशीने मान वर करून औरेलियाकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेला तोंड देत औरेलिया उभी राहिली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. मग मावशीने पुन्हा समोर पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "बरी झाले."

आई तिच्या बोटांवरून अंगठा फिरवत राहिली, एकेका बोटावरून, मोजत असल्यासारखी. मधेच थांबली. आवाज खाली आणून, कुणी ऐकू नये अशा बेताने, पुढे झुकली.

"आणि विसी? ती येत नाही गं हल्ली कुंपणाशी. मी दर रविवारी बघते. माझ्यावर रागावलीय का ती?"

गर्दीतून कुणाचं तरी मूल रडत गेलं. मावशीने एक हात सोडवून घेतला आणि डोळ्यांवरून, कपाळावरून फिरवला.

"होती रागावलेली," ती म्हणाली. "फार वर्षं."

"का गं? मी काय केलं?"

"काही नाही. तिला नीट ऐकू आलं नव्हतं."

"आणि आता?"

"आता मत द्यायला गेलीय शाळेत. रांग मोठी आहे. येईल."

"मग मी थांबते," आई म्हणाली.

विसी मावशीने पिशवी पलीकडे ओढली आणि बाकावर जरा सरकून औरेलियाला जागा करून दिली.